चारशे तीसचे अडीचशे कसे झाले?

पत्राचा सारांश: एका वाचकाने आठ महिन्यांपूर्वी इलेक्ट्रिक गाडी घेतली. बॅटरी ५० युनिटची, त्यातली वापरता येणारी ४७. माहितीपत्रकात रेंज ४३० किलोमीटर. पूर्ण चार्ज केल्यावर स्क्रीन मात्र एखाद्या दिवशी ३४५ दाखवते, तर दुसऱ्या दिवशी २९८. मागच्या महिन्यात चौघं सामानासह २१० किलोमीटर हायवेने गेली. वेग ११० ते ११५, एसी चालू. पूर्ण चार्ज करून निघाले होते, पोचल्यावर १४ टक्के उरले आणि ट्रिप मीटरने १०० किलोमीटरला १९ युनिट असा खप दाखवला. सर्व्हिस सेंटर म्हणतं, बॅटरी ठीक आहे. वाचकाला ते पटत नाही. पुढच्या महिन्यात २९० किलोमीटरचा प्रवास आहे, शेवटच्या टप्प्यात घाट आहे आणि मुक्कामाचं ठिकाण ६०० मीटर उंचावर आहे. पत्नीचं म्हणणं, घरातली पेट्रोल गाडी काढू. रोजचं जाणं-येणं ४५ किलोमीटर. त्यांचे प्रश्न तीन: बॅटरी खराब आहे का, या गाडीची खरी रेंज किती, आणि मोठ्या बॅटरीची गाडी घ्यायला हवी होती का?

तुमच्या पत्रात रागाबरोबर आकडेही आहेत, म्हणून उत्तर सोपं झालं. बॅटरीबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर तर तुम्ही स्वतःच लिहून पाठवलंय. १०० किलोमीटरला १९ युनिट म्हणजे २१० किलोमीटरला ३९.९ युनिट. तेवढ्यात १०० वरून १४ टक्क्यांवर आलात, म्हणजे ८६ टक्के खर्च झाले. ३९.९ ला ०.८६ ने भागा: ४६.४. कंपनी ४७ म्हणते, तुमच्या गाडीतून ४६.४ निघाले. स्क्रीन टक्के पूर्णांकात दाखवते, एवढा फरक त्यातच जिरतो. बॅटरी निरोगी आहे.

हा हिशेब प्रत्येकाने वर्षातून दोनदा करावा, पण किमान ४०-५० टक्के बॅटरी एका दमात वापरून. १० टक्के वापरून केला तर एका टक्क्याची चूकही उत्तरात दहा टक्क्यांची होते आणि उगाच झोप उडते. बॅटरी एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) प्रकारची असेल तर आणखी एक अट. या बॅटरीचा व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळपास सपाट असतो, त्यामुळे आत किती उरलंय हे गाडीला नीट ओळखता येत नाही. अधूनमधून १०० टक्के चार्ज केलं नाही तर टक्क्यांचा अंदाज हळूहळू भरकटतो आणि एखाद्या दिवशी ८ टक्क्यांवरून थेट ३ वर येतो. दोष बॅटरीत नसतो, मोजणीत असतो. तुमची बॅटरी कोणत्या प्रकारची आणि १०० टक्के किती वेळा करायची, हे मॅन्युअलमध्ये असतं. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) असेल तर सल्ला सहसा उलटा: रोज ८० टक्क्यांपर्यंत, प्रवासाच्या आदल्या रात्रीच पूर्ण.

खरी शंका कधी घ्यायची? नीट मोजूनही पहिल्या एक-दोन वर्षांत हा आकडा वारंवार मूळच्या ८५ टक्क्यांखाली आला, किंवा टक्के मध्येच धाडकन पडू लागले, तर सेलनिहाय तपासणीचा लेखी अहवाल मागा. बहुतेक कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत ७० टक्के क्षमतेची हमी देतात. तुम्ही त्या वाटेवर अजून पाऊलही टाकलेलं नाही.

आता ते ४३०. चाचणी कोणती होती ते तुम्ही लिहिलं नाही, पण ४७ युनिटला ४३० ने भागलं की किलोमीटरला १०९ वॅट-तास येतात. (एक युनिट म्हणजे १,००० वॅट-तास. वीजबिलातलं युनिट ते हेच.) चार माणसांच्या, उंच बांध्याच्या गाडीचा इतका कमी खप जुन्या, संथ चाचणीतच निघू शकतो. एनईडीसी ही अशी चाचणी होती: सुमारे २० मिनिटं, ११ किलोमीटर, सरासरी वेग ताशी ३३-३४, आणि १२० चा वेग जेमतेम काही सेकंद. युरोपात २०१७ पासून तिची जागा डब्ल्यूएलटीपीने घेतली. ही अर्ध्या तासाची, २३ किलोमीटरची, सरासरी ४६.५ आणि कमाल १३१ वेगाची. तीसुद्धा साधारण २३ अंशांना, एसी बंद ठेवून. अमेरिकेतल्या ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेच्या नेहमीच्या पद्धतीत प्रयोगशाळेत निघालेल्या रेंजला ०.७ ने गुणतात. प्रयोगशाळा आणि रस्ता यांच्यात किती अंतर असतं, त्याची ही सरकारी कबुलीच म्हणायची.

म्हणून फसवणूक झाली असं मी म्हणणार नाही. आकडा त्या चाचणीपुरता खरा आहे. दोन गाड्यांची तुलना करायला तो कामाचा, तेही दोघींची चाचणी एकच असेल तर. तुमच्या २९० किलोमीटरच्या प्रवासाशी त्याचा काही संबंध नाही.

आणि स्क्रीनवरचे ३४५ आणि २९८? तेही मोजमाप नाही. गाडी गेल्या काही किलोमीटरचा खप बघते आणि उरलेली वीज त्याने भागते. ४७ युनिट भागिले ३४५ म्हणजे १३६ वॅट-तास, भागिले २९८ म्हणजे १५८. पहिला आकडा शहरातल्या आठवड्यानंतरचा आणि दुसरा हायवेवरून आल्यानंतरचा असणार, तारखा ताडून बघा. हा आकडा तुमच्या कालच्या रस्त्याबद्दल बोलतो, उद्याच्या रस्त्याची त्याला कल्पना नसते. घाट उतरून आलात की तो फुगतो, चढायला लागलात की कोसळतो. शक्य असेल तर स्क्रीनवर किलोमीटरऐवजी टक्के ठेवा. टक्के निदान बॅटरीत काय आहे तेवढंच सांगतात.

इथे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला मला अडवावं लागेल. गाडीची खरी रेंज किती, असं विचारताना आपण डिकीच्या मापासारखं एक माप गृहीत धरतो. गाडीचं असं माप एकच आहे: ४७ युनिट. बाकी सगळं रस्ता, वेग, हवामान आणि वजन ठरवतात. ‘या प्रवासाला किती युनिट लागतील’ असं विचारलंत तर उत्तर निघतं, आणि ते चांगलंच नेमकं निघतं.

आधी वेग, कारण हायवेवर त्याच्यापुढे बाकीचे हिशेब किरकोळ. चौघं आणि सामान धरून तुमची गाडी सुमारे २,००० किलोची होते. टायरच्या घर्षणाला किलोमीटरला साधारण ५५ वॅट-तास लागतात, वेग कुठलाही असो. हवेचं तसं नाही. तिचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. अशा बांध्याच्या गाडीला ८० च्या वेगाला हवेसाठी ५६ वॅट-तास लागत असतील, तर १०० ला ८८ आणि ११२ ला ११० लागतात, जवळपास दुप्पट. त्यावर मोटर आणि तिच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये जाणारे दहा-बारा टक्के आणि एसी धरा. ८० ला सुमारे १४०, १०० ला १७०, ११० ते ११५ ला १९० ते १९५. तुमच्या ट्रिप मीटरने १९० दाखवले होते, म्हणजे तुमची गाडी या हिशेबाला धरूनच चालते आहे. ४७ युनिटवर या तीन वेगांचे अनुक्रमे ३३५, २७५ आणि २४५ किलोमीटर होतात. गाडी एकच, बॅटरी एकच. शीर्षकातले अडीचशे हे असे झाले.

समोरून वारा असेल तर तोही वेगात मिळवा. ताशी २० च्या वाऱ्यात ८० ने जाताना हवा १०० च्या वेगाची भासते. हवेपुरता खप त्या वेगाचा. टपावरचा कॅरिअर रिकामा असला तरी हवा अडवतोच. काम नसताना तो उतरवून ठेवा.

एसीबद्दल मात्र सगळ्यांचा समज उलटा असतो. एसी वीज खातो ती तासावर, किलोमीटरवर नाही. गाडी एकदा थंड झाली की तो साधारण एक-सव्वा किलोवॅट घेत राहतो. ताशी १०० ने जाताना ते किलोमीटरला १०-१२ वॅट-तास होतात. त्यासाठी घामाघूम होण्यात अर्थ नाही, आणि त्या वेगाला काचा उघडल्या तर हवेचा विरोध वाढतो तो वेगळाच. पण कोंडीत ताशी २० ने सरकताना तोच एसी किलोमीटरला ६० वॅट-तास खातो. उन्हात तापलेली गाडी गार करताना सुरुवातीची काही मिनिटं तर तीन-चार किलोवॅटही लागतात. गाडी चार्जरला असतानाच एसी लावून ठेवा, ती वीज बॅटरीतून जात नाही. कडक थंडीत हाच हिशेब आणखी बिघडतो. साधा हीटर तीन ते पाच किलोवॅट घेतो (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारा हीट पंप असेल तर बराच कमी), गार बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, ब्रेक लावताना परत येणारी वीज ती पूर्ण स्वीकारत नाही आणि थंड हवाही जड असते: शून्य अंशाची हवा ३० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ११ टक्के दाट. थंडीत छोट्या छोट्या फेऱ्यांचा खप सर्वांत वाईट असतो तो यामुळे. दर वेळी गाडी पहिल्यापासून गरम करायची.

टायरचं थोडक्यात. हवा सकाळी, टायर थंड असताना, दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे भरा. भरल्या गाडीचा आकडा वेगळा असतो, तो बघा. तापमान दहा अंशांनी उतरलं की दाब सुमारे दीड पीएसआयने उतरतो. मूळ टायर बदलून कमी घर्षणाचे नसलेले टायर बसवले की खप पाच-दहा टक्क्यांनी वाढू शकतो आणि लोक बॅटरीला दोष देतात. आणखी एक गोष्ट सहसा कुणी तपासत नाही: इलेक्ट्रिक गाडीत ब्रेक कमी वापरले जातात, त्यामुळे ते गंजून अडकू शकतात. प्रवासानंतर चारपैकी एकाच चाकाजवळ जास्त धग जाणवली (डिस्कला हात लावू नका), तर ब्रेक दाखवून घ्या.

आता चढ. २,००० किलोची गाडी ६०० मीटर वर न्यायला ३.३ युनिट लागतात, मोटरमधला तोटा धरून ३.७. दर १०० मीटर उंचीला सुमारे ०.६ युनिट, एवढं लक्षात ठेवा. रस्ता वळणावळणाचा असो की सरळ, उंचीचा खर्च तेवढाच. रस्त्याची उंची नकाशावर सापडते. मध्ये चढ-उतार बरेच असतील तर सुरुवात आणि शेवट यांच्यातल्या फरकावर थांबू नका, कारण उतारावर सगळं परत मिळत नाही. साधारण ६०-७० टक्के मिळतं.

मग तुमचा प्रवास मांडू. १०० चा वेग धरला तर २९० किलोमीटरला ४९.३ युनिट, त्यात घाटाचे ३.७. एकूण ५३. बॅटरीत ४७. म्हणजे एका चार्जवर हा प्रवास होत नाही. ८० ने गेलात तर ४०.६ अधिक ३.७, म्हणजे ४४.३ युनिट, आणि हातात ६ टक्के उरतात. कागदावर जमलं. पण कुटुंब सोबत, शेवटी घाट, आणि पाऊस किंवा वारा आला तर काय? रस्त्यावर पाणी साचलं की टायर ते ढकलत जातात, त्याचाही खप वाढतो. त्या ६ टक्क्यांच्या भरवशावर मी कुणाला पाठवणार नाही. शून्याखाली थोडी वीज राखीव असते असं ऐकलं असेल, ती हिशेबात धरू नका.

एकदा थांबायचं मान्य केलंत की प्रश्न फार सोपा होतो. पोचताना १५ टक्के, म्हणजे ७ युनिट हाताशी हवेत. लागणार ५३ अधिक ७, म्हणजे ६०. घरून निघताना ४७ असतात. वाटेत १३ भरायची. कुठे थांबायचं? १७० किलोमीटरच्या आसपास. तिथपर्यंत २८.९ युनिट गेलेली असतील, बॅटरी ३८ टक्क्यांवर असेल. पुढच्या १२० किलोमीटरला घाट आणि राखीव धरून ३१ युनिट लागतात, म्हणजे ६६ टक्के. ७० पर्यंत भरा आणि निघा. चार्जर तुमच्या गाडीला सरासरी ३० किलोवॅट देत असेल तर अर्धा तास, ४० देत असेल तर त्याहून कमी. चहा होईल तेवढ्यात. १०० टक्के करायच्या मोहात पडू नका. ८० नंतर वेग इतका मंदावतो की शेवटच्या वीस टक्क्यांना आधीच्या पन्नासाइतका वेळ जाऊ शकतो.

३८ टक्क्यांवरच का थांबायचं, १५ वर का नाही? कारण चार्जर बंद निघू शकतो, रांग असू शकते. ३८ टक्के असताना साठ-सत्तर किलोमीटरच्या आत दुसरा चार्जर असेल तर तुम्ही शांतपणे तिकडे जाता. १५ टक्के असताना तिथेच बसून फोन लावत राहता. म्हणून निघण्याआधी दोन चार्जर ठरवा, एक नाही. दोन्ही चालू आहेत का, कनेक्टर तुमच्या गाडीचा आहे का, पैसे कोणत्या ॲपने द्यायचे हे आदल्या रात्री बघून ठेवा, ॲपमध्ये खातंही उघडून ठेवा.

इथे तुमच्या पत्नीच्या सूचनेला मी मान देईन. वाटेत एकच चार्जर असेल आणि त्याबद्दलच्या तक्रारी ताज्या असतील, तर पेट्रोल गाडी काढा. त्यात हार नाही. दोन चांगले चार्जर असतील तर इलेक्ट्रिक न्या, कारण अशा एका प्रवासानंतर गाडी तुम्हाला जेवढी कळेल तेवढी आठ महिन्यांत कळलेली नाही.

मोठ्या बॅटरीच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या पत्रातच आहे: रोज ४५ किलोमीटर. शहरातल्या खपाने ते सहा-सात युनिट होतात, बॅटरीचा सातवा-आठवा हिस्सा. वर्षातून तीन-चार वेळा अर्धा तास थांबावं लागू नये म्हणून उरलेले सगळे दिवस जास्त वजन आणि जास्त किंमत वागवायची का, ते तुम्ही ठरवा. महिन्यातून चार वेळा असा प्रवास करणाऱ्याला मी वेगळं सांगितलं असतं.

दरम्यान स्वतःचे आकडे तयार करा. ट्रिप मीटर शून्यावर आणा, एकाच प्रकारच्या रस्त्यावर ८०-१०० किलोमीटर चालवा आणि त्याच रस्त्याने परत या, म्हणजे वारा आणि चढ बरेचसे फिटतात. खप, वेग, तापमान, माणसं किती, एवढं लिहून ठेवा. तुम्हाला तीन आकडे हवेत: शहर, ताशी ९० चा हायवे, ताशी ११० चा हायवे. पावसाळी किंवा थंड दिवसाचा चौथा मिळाला तर उत्तम. खप वॅट-तासात लिहा, युनिटला किती किलोमीटर असा नको. अर्धा रस्ता ८ ने आणि अर्धा ५ ने गेला तर सरासरी साडेसहा येत नाही, ६.१५ येते, आणि तेवढ्या फरकात घाट चढायचा राहून जातो. घरच्या मीटरवरून खप काढणारेही फसतात. चार्ज होतानाच दहा-पंधरा टक्के वीज वाया जाते. ती बिलात येते, रेंजमध्ये येत नाही.

प्रवासात दोन खुणा लक्षात ठेवा. ६० किलोमीटरला ७८ टक्के आणि १०० किलोमीटरला ६४ टक्के दिसायला हवेत. ६० ला ७२ दिसले तर काहीतरी बिघडलंय: वारा, टायर, नाहीतर तुमचा पाय. तेव्हाच ९० वर या. हीच जाणीव २०० किलोमीटरला झाली तर वेग कमी करून वाचवायला रस्ताच उरलेला नसतो.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत: परतीचं काय? १५ टक्क्यांनी पोचाल, आणि मुक्कामाच्या ठिकाणी वीज मिळते का हे पत्रात नाही. फोन करून विचारा, गाडी उभी राहते तिथे सॉकेट आहे का आणि ते मोठ्या भाराचं आहे का. तशा सॉकेटवरून तासाला दोन-सव्वादोन युनिट येतात, रात्रीच्या दहा तासांत २० ते २२. म्हणजे सकाळी ६० टक्क्यांच्या आसपास. घाट उतरताना दोन युनिट परत मिळतील. तिथे पूर्ण चार्ज करायची सोय असली तरी ९० टक्क्यांवर थांबा, कारण भरलेल्या बॅटरीत उताराची वीज मावत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ६० टक्क्यांनी निघालात तर परतीला थांबा लवकर घ्यावा लागेल, ११०-१२० किलोमीटरच्या आत. तिथला चार्जर पुन्हा वेगळा असू शकतो, तोही आत्ताच शोधून ठेवा.